ऑप्टिकल फायबर कनेक्टर
दोन प्रकाशतंतूंची टोके भिडवणारी, हवी तेव्हा सोडवता येणारी जोडणी. सिंगल-मोड तंतूचा गाभा जेमतेम 9 मायक्रोमीटर व्यासाचा असतो, म्हणून तंतू सिरॅमिकच्या फेरूल नावाच्या बारीक नळीत बसवतात (एससी प्रकारात व्यास 2.5 मिमी., एलसीत 1.25 मिमी.). गाभे सरकले, फट राहिली किंवा केबल फार वाकली, की प्रकाश गळतो. 3 डेसिबल ऱ्हास म्हणजे निम्मी शक्ती गेली. प्रत्यक्षात दोष बहुधा धुळीचाच निघतो. गाभ्यावरचा एक कण प्रकाशाची वाट अडवतोच, शिवाय जोडताना दाबला जाऊन काचेवर कायमचा चरा पाडतो. म्हणून प्रत्येक जोडणीपूर्वी टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच. हिरव्या एपीसी कनेक्टरचे टोक 8 अंशांत तिरपे घासलेले असते. ते तिरपे टोक नसलेल्या निळ्या यूपीसीला कधीही जोडू नये.