दोरीचं एक टोक दिवाणाच्या हातात

मंडळी, नियम चांगले लिहिले की कारभार चांगला होतो, असं आपण धरून चालतो. कुठल्याही संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बसून बघा, घटनादुरुस्तीवर तासन् तास चर्चा होते. आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याने हा प्रश्न आपल्याच शहरात बसून हाताळला. त्याचं नाव मुर्शिद कुली खान. बंगालचा मुर्शिद कुली वेगळा, तो पुढचा. हा मूळचा खुरासानचा.

१६५२ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला. वर्षभरात खडकीचं औरंगाबाद झालं. पण तिजोरीची अवस्था काय होती? दख्खनच्या सुभ्यांचा आकार कागदावर सुमारे ३ कोटी ६२ लाख रुपये, आणि हातात येत होते जेमतेम १ कोटी! मलिक अंबरने मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडून जमिनीच्या प्रतीप्रमाणे धारा बसवला होता. पण तो १६२६ साली गेला. मग १६३०-३२ चा दुष्काळ, १६३६ पर्यंत निजामशाहीच्या लढाया. गावं ओस पडली, पण कागदावरचा आकडा तसाच राहिला. शहाजहानला दिल्लीत तो आकडा दिसत होता. वर्षानुवर्षं उजाड झालेला मुलूख दोन-तीन वर्षांत उभा राहत नाही, हे औरंगजेबाला बापाला परत परत लिहावं लागलं.

मुर्शिद कुली आधी बालाघाटचा दिवाण होता. १६५६ मध्ये सगळ्या दख्खनची दिवाणी त्याच्याकडे आली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मोगली व्यवस्थेत दिवाण हा सुभेदाराचा नोकर नव्हे. फौज सुभेदाराकडे आणि हिशेब दिवाणाकडे, आणि दिवाणाची जबाबदारी थेट बादशाही दिवाणाकडे. खर्च करणारा आणि हिशेब ठेवणारा वेगळा, ही गोष्ट आज आपल्या किती संस्थांत आहे, तुम्हीच बघा.

आता त्याने केलं काय? उत्तरेत तोडरमलाची मोजणी तयार होती. ती जशीच्या तशी इथे लादता आली असती. त्याने तसं केलं नाही. मागास भागात नांगरामागे ठरावीक रक्कम घ्यायची जुनी रीत होती, ती त्याने राहू दिली. दुसरीकडे बटाई आणली. पावसावरच्या पिकात सरकारचा निम्मा वाटा. विहिरीवर पिकलेल्या धान्यात मात्र एक तृतीयांशच. का? तर विहिरीचा खर्च आणि मोटेचे कष्ट शेतकऱ्याचे. ऊस, द्राक्षं अशा पिकांना त्याहून कमी, पाण्याच्या खर्चाप्रमाणे. तिसरी पद्धत मोजणीची, बिघ्यामागे दर ठरवायची. म्हणजे एकाच सुभ्यात तीन पद्धती! हिशेबनिसांची डोकेदुखी झाली असणार, पण गावोगावची परिस्थिती तशीच होती.

जिथे गाव उठून गेलं होतं, तिथे आधी माणसं परत आणायची. त्यासाठी बैल-बियाण्याला तगाई दिली, आणि तिची फेड पीक हाती आल्यावर हप्त्यांनी. पाटील नसेल तर नवा नेमला. मोजणीला अमीन नेमले. आणि त्याच्याबद्दल सांगतात ती गोष्ट अशी, की मोजणीच्या दोरीचं एक टोक तो कधी कधी स्वतः धरायचा. मला यात भाबडं कौतुक वाटत नाही. दोरी सैल धरली की बिघे बदलतात, म्हणजे सारा बदलतो, हे त्याला ठाऊक होतं. लबाडी नियमात नव्हती, दोरीच्या टोकाला होती.

पण दिवाण किती दोऱ्या धरणार? १६५८ च्या एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धर्मातच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने लढताना तो मारला गेला. औरंगजेब तख्तासाठी उत्तरेत गेला आणि दख्खन पुन्हा लढाईत सापडली. मुर्शिद कुलीचा धारा हे नाव मात्र दख्खनेत लोकांच्या तोंडी पुढे फार काळ राहिलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.