मोगली एरंडाचं डिझेल कुठं गेलं?

रहिमतपूरकरांनो, 2003 साल आठवा. नियोजन आयोगाच्या समितीनं मोगली एरंडापासून बायोडिझेल काढायची शिफारस केली आणि पडीक रानात सोनं पिकणार अशी हवा झाली. कल्पना जुनीच, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चाललं होतं. नुसतं तेल घट्ट, नोझल चोंदवतं; मेथॅनॉल घालून ग्लिसरीन वेगळं काढलं की काम भागतं. अडलं ते भावात. 2006 पासून सरकारी खरेदीदर लिटरला 25 रुपये, उत्पादनखर्च त्याहून जास्त! झाड पाण्यावाचून जगतं, पण बी भरत नाही, हे लावणाऱ्याला सांगणार कोण? 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रण होतं. 2018 च्या धोरणात 5 टक्के, तेही 2030 पर्यंत. एरंड अजून बांधावरच आहे, कुंपणाला. जनावर तोंड लावत नाही म्हणून.