डावी आणि अराज्यवादी पुस्तके : सुरुवात कोठून करावी?

लोणी काळभोरहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी मार्क्स जरूर वाचावा. पण आधी बाबासाहेबांचा ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा निबंध वाचावा. शोषण संपावे हे ध्येय बाबासाहेबांना मान्य आहे. सक्ती आणि हुकूमशाहीचा मार्ग मान्य नाही. राज्यसंस्था विरून गेल्यावर समाज कशावर टिकेल, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे उत्तर : धम्म.

हा प्रश्न सोबत घेऊन मार्क्स-एंगल्स यांचा ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ (१८४८) वाचा.

त्यानंतर रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांचे ‘म्युच्युअल एड’ (१९०२). अराज्यवाद म्हणजे गोंधळ नव्हे. राज्यसत्तेशिवाय, परस्पर साहाय्याने जगण्याचा तो विचार आहे. मात्र क्रोपोटकिन जुन्या गावसमाजाचे कौतुक करतात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्याच खेड्याला संकुचितपणाचे आगर म्हटले. गावकुसाबाहेर राहिलेल्या आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला गावाचे साहाय्य किती आले, हे आठवूनच ती प्रकरणे वाचावीत.

शेवटी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९). कम्युनिस्ट चळवळीतल्या या लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. दोन्ही विचार एकत्र वाचता येतात, याचा हा आपल्याच मातीतला दाखला.