पुदुच्चेरीचे ‘गोलकोंड’ : फिरत्या भिंतीचा इतिहास

ऊनवाऱ्यानुसार आपले बाह्यांग बदलणारी इमारत ही संगणकयुगाची देणगी होय, असा समज रूढ आहे. भारतातील आधुनिक वास्तुकलेचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील साधकांसाठी ‘गोलकोंड’ हे निवासस्थान उभारण्याचे काम १९३५ मध्ये अँटोनिन रेमंड यांच्याकडे आले. काँक्रीटच्या या इमारतीच्या आरंभीच्या बांधकामावर त्यांचे सहकारी जॉर्ज नाकाशिमा यांनी देखरेख केली.

इमारतीच्या लांब बाजू उत्तरेस व दक्षिणेस आहेत. तेथे भिंतीऐवजी आडव्या, फिरत्या पट्ट्यांची रचना आढळते. हाताने त्या उघडल्या की वारा आत येतो. तिरक्या केल्या की ऊन अडते, पण वारा खेळता राहतो. मिटल्या की पाऊस बाहेर राहतो. खोल्यांच्या सरकत्या लाकडी दारांनाही फटी असल्याने वाऱ्याला आरपार वाट मिळते. वातानुकूलनाशिवाय गारवा राखण्याचे रहस्य या साध्या योजनेत आहे.

पॅरिसच्या ‘अरब जगत संस्थे’त १९८७ मध्ये याच प्रश्नाला यंत्राचे उत्तर देण्यात आले. झाँ नुव्हेल व सहकाऱ्यांनी दक्षिण दर्शनी भागावर प्रकाशानुसार आपोआप उघडमीट करणारे धातूचे झरोके बसविले. परंतु त्यांची नाजूक यंत्रणा कालांतराने बिघडत गेली.

ऊर्जाबचतीचा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्राचा उरत नाही. ‘गोलकोंड’मध्ये ऊन कोठवर आले हे रहिवाशाला पाहावे लागते, त्याचा हात थांबला, तर तीही वास्तू तापेल.