साथ नसतांनाचा खर्च

तहान लागल्यावर विहीर खणावी, हा रोगराईच्या बाबतींत सरकारांचा जुना शिरस्ता आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां डॉ. हाफकिन यांस ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तुटपुंज्या जागेंत लस तयार करावी लागली. परळची प्रशस्त वास्तु प्रयोगशाळेस मिळाली ती १८९९ त, हजारों माणसें दगावल्यावर.

याच्या उलट उदाहरण पुण्याचें. १९५२ त अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनीं मिळून तेथें विषाणु-संशोधन केंद्र काढलें. डांस, गोचीड इत्यादिकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करावा, हा मूळ हेतु. त्या दिवशीं कोणी हिशेब मागितला असता, तर दाखवावयास एकही वांचलेला रोगी नव्हता. पण पांचच वर्षांनीं शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूरच्या अरण्यांत माकडें मरूं लागलीं, माणसेंही तापानें पडलीं, आणि तो नवा विषाणु याच केंद्रानें हुडकून काढला.

१९६७ त रॉकफेलरचें साहाय्य थांबलें. आमच्या मतें खरी कसोटी येथें लागली. नवी संस्था काढण्यांत दात्याची कीर्ति होते. प्रयोगाच्या उंदरांचें खाद्य आणि तंत्रज्ञांचे पगार सालोसाल पुरविण्यांत कीर्ति ती कसली! तो भार पुढें परिषदेच्या द्वारें मुख्यतः सरकारी तिजोरीनें वाहिला. १९७८ त केंद्राची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. २०२० च्या जानेवारींत केरळांतील पहिल्या कोव्हिड रोग्याचे नमुने तपासणीस आले ते येथेंच. त्याच वर्षीं संस्थेनें तो विषाणु वेगळा करून वाढविला, आणि त्यापासून पुढें कोव्हॅक्सिन ही लस झाली.