एका फुटीचा वृत्तान्त

संस्थेंत दुफळी माजली कीं तिचा ऱ्हास ठरलेलाच, असें आम्ही विद्यार्थ्यांस आजवर सांगत आलों. अमेरिकेंतील एका विद्यार्थिनी-मंडळाचा इतिहास वाचून मात्र आमच्या या मतास धक्का बसला.

अशा मंडळांस तिकडे 'सोरॉरिटी' म्हणतात. लॅटिन भाषेंत 'सोरोर' म्हणजे बहीण. यांचीं नांवें ग्रीक अक्षरांचीं, आणि सभासदत्व पदवीनंतरहि जन्मभर टिकणारें.

वॉशिंग्टन शहरीं १८६७ सालीं स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठांत १५ जानेवारी १९०८ रोजीं एथेल हेजमन हिच्या पुढाकारानें 'आल्फा कप्पा आल्फा' हें कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचें पहिलें भगिनीमंडळ निघालें. चार वर्षांतच वाद उपस्थित झाला. मंडळाचें नांव बदलावें व त्यास सार्वजनिक कार्याकडे वळवावें, असें बावीस मुलींचें म्हणणें पडलें. नेली क्वांडर या माजी विद्यार्थिनीस तें रुचलें नाहीं. १३ जानेवारी १९१३ रोजीं त्या बावीस जणींनीं 'डेल्टा सिग्मा थीटा' हें निराळें मंडळ काढलें. २९ तारखेस क्वांडरबाईंनीं जुन्या मंडळाची कायदेशीर नोंदणी करून घेतली.

नव्या मंडळानें पहिलें पाऊल टाकलें तें रस्त्यावर. ३ मार्च १९१३ रोजीं वॉशिंग्टनमध्यें स्त्रियांच्या मताधिकारासाठीं मिरवणूक निघाली, तींत या मुली चालल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनीं मागें चालावें, असें तेथील कांहीं गोऱ्या पुढारी स्त्रियांसच वाटत होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या धैर्याचें मोल कळतें.

जुनें मंडळहि स्वस्थ बसलें नाहीं. १९३५ च्या उन्हाळ्यांत डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखालीं त्याच्या भगिनी मिसिसिपी प्रांतीं रुग्णसेवेस गेल्या. मळेवाले आपल्या कुळांस शेत सोडून दवाखान्यांत येऊं देईनात. तेव्हां यांनीं मोटारींतून दवाखानाच शेतावर नेला व मुलांस देवी आणि घटसर्प यांच्या लसी टोंचल्या.

याच मंडळाच्या हॉवर्डमधील मूळ शाखेंत १९८६ सालीं कमला हॅरिस दाखल झाल्या. २०२१ सालीं त्या अमेरिकेच्या उपाध्यक्षा झाल्या.

निवडक मुलींसच प्रवेश देणाऱ्या मंडळांत अहंता शिरण्याचें भय असतेंच, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हॉवर्डच्या मुली भांडल्या त्या मानासाठीं नव्हे, कार्य कोणतें करावें यासाठीं. म्हणूनच एकाचीं दोन मंडळें झालीं, आणि दोन्ही उपयोगी पडलीं. यापुढें आमच्या वर्गांत दुफळीचा विषय निघाल्यास, भांडण कशासाठीं, हें आम्ही आधीं विचारूं.