एक डॉलर, पंधरा रुपये आणि एक पट्टी

गोळे कॉलनीत औषधांची घाऊक दुकानं आहेत हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. तिथल्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या असतात. १० मिलीची बाटली, त्यात ४०० युनिट, किंमत साधारण दीडशे रुपये. आयुष्यभर लागणारं हे औषध सरकारने सगळ्यांना फुकट द्यायचं ठरवलं तर परवडेल का? या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे.

इन्सुलिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन. टाइप १ मधुमेहात शरीर ते जवळजवळ बनवतच नाही. १९२२ पूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला सुधारलेलं दिलं आणि पोरगा सावरला. पुढे १३ वर्षं जगला!

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला विकलं. औषधावर कुणा एकाची मक्तेदारी नको, हा हेतू. पण नुसत्या हेतूने औषध स्वस्त होत नाही. तेव्हा इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि थोड्याशा औषधासाठी ढीगभर जनावरं लागत. १९७८ मध्ये जनुक-तंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आलं, १९८२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं.

आता आपल्याकडे येऊ. २००३ मध्ये वोक्हार्टने तेव्हाच्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) यीस्टपासून मानवी इन्सुलिन बनवलं. असं करणारी ही पहिली भारतीय कंपनी. पाठोपाठ २००४ मध्ये बायोकॉन उतरली. विकणारे वाढले, आणि वर सरकारचं किंमत नियंत्रण होतंच. २०२१ मध्ये साध्या मानवी इन्सुलिनची कमाल किंमत मिलीला १५ रुपये ९ पैसे होती. उलट अमेरिकेत, थोडा बदल केलेल्या इन्सुलिनची बाटली १९९६ मध्ये २१ डॉलरला होती, ती २०१९ पर्यंत २७५ डॉलरच्या आसपास गेली. पेटंट एका डॉलरला देऊनसुद्धा!

आता थोडा हिशोब करू (सवय जात नाही). रोज ४० युनिट लागणारा रुग्ण धरा. ४० युनिट म्हणजे बरोब्बर १ मिली, म्हणजे दिवसाला १५ रुपये, वर्षाला साधारण साडेपाच हजार. सरकारने घाऊक खरेदी केली तर याहून कमीच.

पण डोस ठरवायला रक्तातली साखर मोजावी लागते. ग्लुकोमीटरची एक पट्टी १५ रुपयांची धरा. दिवसाला तीन पट्ट्या धरल्या तर वर्षाला सोळा हजारांच्या वर. म्हणजे औषधाच्या तिप्पट खर्च मोजण्याचा! शिवाय सिरिंज आणि फ्रीज. सुरगाणा-पेठ भागातल्या पाड्यावर फ्रीज कुठून आणणार? तिथे ओल्या वाळूतलं मडकंच कामाला येतं. आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी हे कुठल्याच सरकारी बजेटमध्ये दिसत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगलंच झालं. पण दवाखान्यातली तपासणी महिन्यातून एखाद्या वेळी होते, साखर मात्र रोज वरखाली होते. आणि ती न मोजता अंदाजाने इन्सुलिन टोचणारा रुग्ण कधी साखर उतरून बेशुद्ध पडतो, तर कधी काही वर्षांनी डायलिसिसला येतो. तो खर्च परत सरकारकडेच.

दुसरीकडे नवी, महाग इन्सुलिनं येत राहतात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ग्लार्जिन आलं. काही रुग्णांना त्याचा खरंच फायदा आहे, त्यांना ते मिळायलाच हवं. पण साधं इन्सुलिन विकणारे टिकले पाहिजेत. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नोव्हो नॉर्डिस्कने मानवी इन्सुलिनच्या पेनांचा सरकारी पुरवठा पुढे चालू ठेवला नाही, आणि रुग्णांवर पुन्हा बाटली-सिरिंजवर यायची वेळ आली. एकाच पुरवठादारावर विसंबलं की असं होतं.

तेव्हा माझं मत असं: आपल्या राज्याला इन्सुलिन परवडतं. २००३ नंतर ते परवडण्यासारखं झालं ते बनवणारे वाढले आणि किंमत बांधलेली राहिली म्हणून. तोच प्रयोग आता पट्टीवर करायला हवा. सरकारने एकगठ्ठा खरेदी करावी, कमाल किंमत बांधावी आणि टाइप १ च्या प्रत्येक मुलाला इन्सुलिनच्या बाटलीबरोबर महिन्याच्या पट्ट्याही हातात द्याव्यात.